मड्डमच्या गाण्यानंतर

आधी तो अंगठा काढ बघू रेकॉर्डवरून. काय गं बाई, शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, आणि तबकडी धरता भाकरी धरल्यासारखी! दोन्ही तळव्यांत धरायची, काठाला हात लागला तर लागला, रेघांना नाही. बोटाचं तेल त्या रेघांत बसलं की त्याला धूळ चिकटते, ती धूळ पिन घासत नेते, आणि मग तुम्हीच म्हणता, "काकू, जुन्या रेकॉर्डी फार खरखरतात हो." खरखरतील नाहीतर काय करतील? हां, अश्शी. आता ये, जवळ बस. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही. दिवाळी अंकवाल्यांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हणून गळ घातली, तेव्हा मी म्हटलं, मला लिहिता कुठे येतं? वाचणारी माझ्यासमोर दुकानात बसलीय असं समजून मी बोलते तसं उतरवून काढीन, चालेल का? चालेल म्हणाले. तर बोलते.

आमचं दुकान भिसेगावात. पाटीवर अजून "शिलाई मशीन दुरुस्ती" असंच आहे, ती यांनी रंगवून घेतलेली, म्हणून मी बदलली नाही. हे आजारी पडले तेव्हा मी दुकानात बसायला लागले. शिलाई मशीनचं पोट मला संसारातच पाठ झालेलं. एक दिवस एका फार्महाऊसचा माळी ग्रामोफोन घेऊन आला. म्हणाला, "मालक म्हणतात, याला पण चाक हाय, त्याला पण चाक हाय, बघा जमतंय का." मी उघडला. आत एक गोल डबा, डब्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी. चावी भरली की ती पट्टी आवळते, सुटताना ताटली फिरवते, आणि तीन छोटे गोळे गरगर फिरून तिला पळू देत नाहीत. विजेचं नाव नाही. मला इतकं आवडलं ते! मी डब्याचं झाकण काढलं, आणि पट्टी सापासारखी उसळून हनुवटीवर बसली. ही खूण बघ. हे खाटेवरून ओरडले, "मशीनचं बघ म्हटलं होतं, कुस्ती कोणी सांगितली?" पण ग्रामोफोन चालला. माळ्यानं चार ठिकाणी सांगितलं, आणि मग माथेरानच्या, खंडाळ्याच्या, कुठकुठच्या बंगल्यांतून भोंगे यायला लागले. गुरू नाही, क्लास नाही. जे मोडलं ते उघडून बघायचं, एवढीच माझी शाळा.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली म्हणून सांगू. एकानं रेकॉर्ड स्वच्छ करायला स्पिरिटनं पुसली. आता या जुन्या काळ्या तबकड्या लाखेच्या, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. तो फडकं घेऊन आला, काळंकुट्ट. म्हणाला, "काकू, मळ किती निघाला बघा!" मी म्हटलं, "दादा, तो मळ नव्हे, ते गाणं होतं." भिवपुरीच्या वसाहतीतल्या एका बाईंनी रेकॉर्डी एप्रिलच्या उन्हात वाळत घातल्या, पापडांच्या शेजारी. पापड सपाट राहिले, रेकॉर्डींचे द्रोण झाले. त्या मी दोन काचांमध्ये दाबून परत उन्हातच सरळ केल्या. बाई म्हणाल्या, "उन्हानंच वाकवलं नि उन्हानंच सरळ केलं?" हो, पण काच मधे पाहिजे ना! आणि एक मालक आले, त्यांना भोंग्याच्या आत ब्लूटूथ बसवून पाहिजे होता. मी म्हटलं, मी बसवून देणार नाही, आणि कोणी दिलाच तर मला सांगू नका.

तर हे झालं यंत्राचं. मला वेड लागलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

ग्रामोफोन दुरुस्त केला की लावून बघायला रेकॉर्ड लागते. माझ्याकडे एकही नव्हती. खोपोलीच्या भंगारवाल्याकडून वजनावर एक गठ्ठा आणला, त्यात वरच एक तबकडी, मधे इंग्रजी नावाचा गोल कागद चिकटवलेली. लावली, आणि मी दचकलेच. मला वाटलं, आत भांडण लागलंय! एक भसाड्या आवाजाचा काही सांगतोय, दुसरा मध्येच तोंड घालतोय, तिसरा मागून खिदळतोय, आणि बँजोवाला सगळ्यांना टोचत बसलाय, चला चला चला. मी परत लावली. परत लावली. चौथ्यांदा लक्षात आलं, अगं, कोणी कोणाचा पाय तुडवत नाहीये! सगळे वाटेल तिकडे भटकतात आणि बरोबर एका वेळी घरी येतात. आपल्याकडे गौरीत बाल्या नाच बघितलायस ना? फेर एकच असतो, पण मधेच एखादा गडी असा काही पाय टाकतो की बाकीचे बघत राहतात, आणि ढोलकीचा ठोका पडला की तो परत फेरात. अगदी तसं. याला जॅझ म्हणतात हे मला नंतर कळलं, बांद्र्याहून ट्रंपेटच्या रेकॉर्डी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या वादकाकडून. आपल्या मुंबईच्या मोठ्या हॉटेलांमध्ये तीस-चाळीसच्या दशकात असे बँड होते, गोव्याकडची पोरं, आणखी कुठकुठची, आणि त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, हेही त्यांनीच सांगितलं. मी तर हरखूनच गेले. म्हणजे ही वेडी मंडळी आपल्या शेजारचीच!

त्यांनीच मला बँडमास्तरचं काम समजावलं, आणि ते ऐकल्यावर मी त्या रेकॉर्डी वेगळ्याच कानांनी ऐकायला लागले. बघ हं. अगदी सुरुवातीला, अमेरिकेत वगैरे, मायक्रोफोनच नव्हता. भिंतीतून एक भोंगा बाहेर आलेला, पलीकडे मेणाची जाड चकती फिरतेय, आणि सगळ्यांनी त्या भोंग्याच्या तोंडात वाजवायचं. ट्रंपेटवाला जोरकस, म्हणून तो खोलीच्या पार टोकाला. बँजो बारीक, म्हणून तो भोंग्याला चिकटून. मोठ्या ढोलाचा दणका बसला तर मेण कापणारी सुई उडायची, म्हणून ढोलवाल्याला ढोलच आणू द्यायचे नाहीत. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यात सगळं बसलं पाहिजे. आणि खोडायची सोय नाही. एक सूर कोणाचा घसरला की ते मेण गेलं, परत पहिल्यापासून. पुढे मायक्रोफोन आला, पण तोही एकच. त्याच्याभोवती कोण किती अंतरावर, कोण कधी पुढे, कोण कधी मागे, हे सगळं बँडमास्तर ठरवणार. आपल्याकडे लग्नात पंगतीवर एक माणूस उभा असतो बघ, स्वतः जेवत नाही, पण कोणाच्या पानात काय नाही ते त्याला दिसतं. तसा तो. आणि गंमत म्हणजे रेकॉर्डवर नाव फक्त त्याचं. "अमुकतमुक आणि त्यांचा बँड." बँडमध्ये कोण कोण, ते कागदावर नाहीच.

आता हे एवढं रामायण का सांगितलं, ते ऐक.

मागच्या वर्षी पाऊस सरल्यावर लोधिवलीहून अझीझभाई आले. ऐंशीच्या पुढचे, कानात मशीन, सोबत टेंपोत चादरीत बांधलेला ग्रामोफोन.

"शालनताई तुमीच ना? भंगारात घालायच्या आधी एकदा दाखवू म्हटलं."

"भंगारात घालणारा माणूस धुतलेली चादर गुंडाळत नाही," मी म्हटलं. हसले. मग पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून एक तबकडी. काठापासून आत केसासारखी बारीक चीर गेलेली.

"यात आमचे बाबा हायेत," ते म्हणाले.

"गातात?"

"क्लॅरिनेट वाजवतात. म्हणजे, ते तसं म्हणायचे." मग म्हणाले, "पण ताई, यात क्लॅरिनेटच नाय."

त्यांचे वडील इब्राहिमभाई मूळचे मुरुडकडचे. पोरवयात जहाजावर कामाला लागले, तिथे कोणाकडून क्लॅरिनेट शिकले, मुंबईत उतरले ते एका हॉटेलच्या बँडमध्ये शिरले. लग्न झालं, पुढे बँड मोडला, तेव्हा सासरे म्हणाले, आमच्याकडे या, चौक गावात दुकान हाय ते बघा. तसे ते लोधिवलीला येऊन राहिले, सासऱ्यांच्या घरी. येताना एक तबकडी घेऊन आले. ग्रामोफोन होता तो मेहुण्याचा, म्हणजे अझीझभाईंच्या मामूचा. कपाटावर उंच ठेवलेला, चावी मामूच्या खिशात. ईदला, लग्नकार्याला मामू चावी भरायचा, घरची माणसं जमायची आणि ही तबकडी लागायची. इब्राहिमभाईंनी लेकाला सांगितलेलं, या तबकडीवर मी आहे.

"मी मामूला इचारलं, बाबा कुठं हायेत यात? तर मामू हसायला लागला. म्हणाला, आपण दर ईदला ऐकतो की, तुला ऐकायला आली का तुझ्या बापाची पिपाणी? तेव्हापासून घरात तेच झालं. पिपाणी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मामू म्हणायचा, इब्राहिम, वाजव तुझी पिपाणी. आमची जैनबआपा माझ्यापेक्षा मोठी, ती सुद्धा म्हणते, बाबा बँडवाल्यांच्या पेट्या उचलत असतील, तूच काय ते डोक्यात घेतलंयस. मी शाळेत पोरांशी मारामाऱ्या केल्यात यावरून. बाबा गेले, मामू गेला, ग्रामोफोन बंद पडला. आता माझे कान पण चाललेत. डॉक्टर म्हणतो, जेवढं हाय तेवढं हाय. कान हायेत तोवर एकदा नीट ऐकायचंय. नसतील बाबा त्यात, तर नसतील. पण मग मला कळू दे."

माणूस असं म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजावरून कळतं, "नसतील तर नसतील" हे त्याला अजिबात चालणार नाही.

ग्रामोफोनचं काम सोपं होतं. पट्टी तुटलेली, ती बदलली, ग्रीस वाळून डिंक झालेलं, ते काढलं. मग तबकडी उन्हाच्या तिरिपेत धरली. हे मी नेहमी करते. रेकॉर्ड न वाजवताही पुष्कळ सांगते. जिथे पोलादी पिन फार वेळा गेली, तिथल्या रेघा झिजून करड्या होतात, पायवाटेवरच्या गवतासारख्या. जिथे कमी गेली, तिथे काळी कुळकुळीत चमक राहते.

आणि ही तबकडी काठापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत करडी. मग एक रेघ आखल्यासारखी हद्द. आणि हद्दीच्या आत थेट मधल्या कागदापर्यंत नवी कोरी! काल कारखान्यातून आल्यासारखी! मी उलटली. दुसरी बाजू तर पूर्णच कोरी. मी हातातलं काम टाकलं आणि उभीच राहिले. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. अर्धवट वापरलेली रेकॉर्ड! जुनी वही असावी आणि पहिल्या काही पानांपुढे कोणी कधी गेलंच नसावं.

लगेच फोन लावला.

"अझीझभाई, ही रेकॉर्ड तुम्ही कुठपर्यंत ऐकायचात?"

"पूर्ण ऐकायचो."

"पूर्ण म्हणजे कुठपर्यंत?"

"मड्डम गायला लागेपर्यंत."

"आणि मग?"

"मग काय, संपलं. मामू पिन उचलायचा."

"का?"

"का म्हणजे काय ताई! घरात नाना, अम्माचे वडील, बसलेले, बायामाणसं बसलेली, आणि त्यात ती बाई इंग्रजीत गळा काढणार. बरं दिसतं का?"

"आणि दुसरी बाजू?"

"तिकडं तर ती पहिल्यापासूनच गाते!"

मी हसले, आणि हसता हसता अंगावर काटा आला. मग अझीझभाई हळू आवाजात म्हणाले, "ताई, पुढं काय हाय?"

"मी लावली नाही," मी म्हटलं. "आपांना घेऊन या."

ते येईपर्यंत माझं काय झालं म्हणून सांगू! तबकडी टेबलावर, मशीन तयार, मी एकटी. हात शिवशिवायचे. पण मी नाही लावली गं. कोणाच्या घरचा बंद दरवाजा, आपण कशाला आधी आत डोकवायचं? मी आपली बाभळीचे काटे तासत बसले. हो, बाभळीचे. साउंड बॉक्स म्हणजे पिन धरणारी गोल डबी, तिच्यात पोलादी पिनेऐवजी काटा बसवला तर आवाज थोडा मऊ येतो, बारीक येतो, पण रेघ झिजत नाही. आणि चीर गेलेल्या तबकडीत पोलादाचं टोक अडकून टवका उडण्याची भीती असते, काटा त्यामानानं सुखरूप पार होतो. बारीक पॉलिश पेपरवर फिरवून टोक काढायचं. भिवपुरीकडच्या शेताच्या बांधावरची बाभूळ माझी ठरलेली आहे. शेतकरी म्हणतो, "काकू, लोक काटे काढायला पैसे मागतात, तुमी न्यायला येता!"

आले दोघं. जैनबआपा नव्वदीला टेकलेल्या, ओढणी कपाळापर्यंत, हातात सांदणांचा डबा. बसल्या बसल्या सगळं दुकान नजरेनं झाडून काढलं.

"बाय, हा म्हातारा झाला पण याचं खूळ जात नाय. तू तरी सांग त्याला. आमचे बाबा तांदूळ तोलायचे, साखर तोलायचे. मी कधी त्यांच्या हातात वाजा बघितला नाय."

"बघितला नाय म्हणजे नव्हता काय?" अझीझभाई तडकले.

"तू गप रं. तुला जन्मल्यापासून बाबा हिरोच वाटतात."

मी दोघांना आधी चीर दाखवली. म्हटलं, "खरं सांगते. काट्यानं लावीन, जपून लावीन. पण लाख जुनी आहे. चिरेतून तुकडा सुटला तर पुढचं काहीच ऐकू येणार नाही, कधीच. नाही लावली तर आत जे आहे ते आत राहील. तुम्ही ठरवा."

अझीझभाईंचा चेहरा उतरला. त्यांना दोन्हीकडून भीती. तुकडा उडाला तर गेलं, आणि वाजली नि क्लॅरिनेट नसलीच, तर मामू खरा. शेवटी आपाच म्हणाल्या, "लाव गं. नाय लावायची तर काय कबरीत ऐकवणार हायेस आमाला?"

मी चावी भरली. काटा काठावर ठेवला.

आधी चिरेचा टक, टक, टक, प्रत्येक फेऱ्याला. मग त्या करड्या रेघांतून बँड, लांबून, धुळीच्या रस्त्यावरून वरात यावी तसा. ट्रंपेट पुढे, बाकीचे मागे घोळक्यात. आपांची मान हलायला लागली. "हां, हेच. हेच लावायचा मामू." अझीझभाई भोंग्याकडे सरकले तर कानातलं मशीन शीळ घालायला लागलं, तेव्हा त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि डोकंच भोंग्यात घातलं. काटा हद्दीशी आला. करडं संपलं, आणि काय सांगू, पडदा बाजूला झाल्यासारखा आवाज एकदम लख्ख! मड्डमनं श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. ती गायला लागली.

आणि आपांचा हात उठला. बघ हं, बाईला कळलंसुद्धा नसेल. जन्मभराची सवय. मड्डम गायला लागली की पिन उचलायची! हात थेट साउंड बॉक्सवर. मी मनगट धरलं.

"आपा, हात खाली."

"अगं, पण ती बाई..."

"गाऊ दे तिला."

गायली ती. गोड गायली बिचारी, काही वावगं नव्हतं त्यात. आपा मान खाली घालून बसल्या, जणू सासरे समोर बसलेत. मड्डमचा शेवटचा सूर लांबला, आणि त्याच्या पोटातून एक क्लॅरिनेट निघाली.

अगं, मी ओरडलेच! पहिले दोन सूर लांबून आले, आणि मग जवळ, आणखी जवळ, अगदी तोंडासमोर. तो चालत येत होता! वाजवत वाजवत चालत मायक्रोफोनपर्यंत! बँडमास्तरनं मड्डमला मागे घेतलं आणि तिच्या जागेवर त्याला पुढे बोलावलं, ते सगळं ऐकू येतंय. आणि मग तो जो काय सुटला! एखादं रानपाखरू घरात शिरावं आणि कुठेही न आपटता सगळ्या खोल्या फिरून यावं, तसा. अझीझभाई भोंग्यातून म्हणतायत, "हाय! हाय! क्लॅरिनेट हाय!"

आता मला सांग, एवढ्यानं काय सिद्ध होतं? क्लॅरिनेट आहे, मान्य. पण वाजवणारा इब्राहिम कशावरून? कागदावर तर नाव नाही. माझ्या मनात हे आलं तेवढ्यात तो वादक एकदम थबकला. भराभर जिना चढणारा माणूस मधल्या पायरीवर थांबावा, तसा. आणि त्यानं एक साधी चाल घेतली. जॅझची नव्हे. इंग्रजी नव्हे. चार सूर वर, दोन खाली, आणि शेवटी एक हेलकावा, पाळण्याला द्यावा तसा. मागे बँजो नि ढोल आपला तोच ताल धरून बसलेत, आणि वर ही अशी आपल्या मातीतली चाल.

मला ती माहीत नव्हती. पण माझ्या शेजारी कोणीतरी तिच्यावर शब्द म्हणत होतं. मी बघितलं तर आपा. ओढणीच्या टोकानं तोंड झाकून, बारीक आवाजात, हळदीचं गाणं. चाल संपली, क्लॅरिनेट परत उसळली, सगळा बँड तिला येऊन मिळाला आणि तबकडी संपली. आपांचं मात्र चालूच होतं, पुढची ओळ, तिच्या पुढची ओळ.

मी काटा उचलला. अझीझभाई भोंग्यातून बाहेर आले. "आपा, काय म्हणतेस गं?"

"दादीचं गाणं," आपा म्हणाल्या. "मुरुडच्या दादीचं. नवरीला हळद लावताना म्हणायची. तू तेव्हा अंगाखांद्यावरचा, तुला काय आठवणार? इथं लोधिवलीत नाय म्हणत कोण, इथली चाल वेगळी. हा शेवटचा झोका फक्त दादी द्यायची." मग माझ्याकडे वळल्या. "बाय, बँडमधल्या गोव्याच्या माणसाला माझ्या दादीचा झोका कसा ठावा असंल?"

नाही ठाऊक असणार. अझीझभाई खुर्चीत बसले आणि रडायला लागले, लहान पोरासारखे, आणि रडता रडता बहिणीला म्हणतायत, "पेट्या उचलायचे काय? पेट्या उचलायचे?"

आपांनी ओढणी सारखी केली. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात बाबा मामूला म्हणाले होते, आज पूर्ण होऊ दे. मी आतून ऐकलं. मामूनं तरी उचलली, माझ्या सासरची थोर माणसं समोर बसलेली. आणि मला अशी लाज वाटली गं! मला वाटलं, बाबांना त्या मड्डमचं गाणं ऐकायचंय. अम्मालापण तेच वाटलं, ती चार दिस बोलली नाय त्यांच्याशी. कोणाला कसं कळावं? आणि ते तरी काय बोलणार? सासऱ्याच्या घरात ऱ्हायचं, चार वडीलधारी बसलेली, त्यात जावयानं सांगायचं का, थांबा, पुढं मी वाजवलंय?"

माझ्या कामातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं हे आहे. माणूस दर ईदला खोलीत बसलेला, त्याचं गाणं हातभर अंतरावर, आणि भिडेपोटी दर वेळी पिन उचलली जाताना बघतोय. वाईट कोणीच नव्हतं त्यात. मामू लाजत होता, जावई मान राखत होता.

पण मला त्या बँडमास्तरचं फार कौतुक वाटतं बघ. त्याचं नाव इथे देत नाही, त्याच्या घरच्यांना मी अजून शोधतेय, त्यांना सांगितल्याशिवाय बरं नाही. तीन मिनिटांची तबकडी, मेण महागाचं, एकेक क्षण तोलून वापरायचा. त्यातला चांगला मोठा तुकडा त्यानं मुरुडच्या एका पोराला दिला. आणि ते पोर आजीची हळद वाजवायला लागलं, तर त्यानं हात वर करून थांबवलं नाही, "परत पहिल्यापासून" म्हटलं नाही. राहू दिलं! कोणतीतरी वेगळीच चाल कानावर आली आणि त्याला वाटलं, असू दे, छान आहे. नाव कागदावर एकट्याचं छापतात, पण आत बाकीच्यांना जागा देणारा तो असा असतो. म्हणून मी म्हणते, दुसऱ्याला पुढे येऊ द्यायचं एवढं कळलं की जॅझ समजायला शाळा लागत नाही.

आता म्हणशील, मोबाईलवर घेतलं का? घेतलं की! अझीझभाईंच्या नातीनं घेतलं, कुवेतपर्यंत पोचलं, घरच्या पोरांनी फोनची घंटी म्हणून लावलंय. पण तबकडी आपांनी घरी नेली नाही. म्हणाल्या, "तुझ्याकडंच ठेव, बाय. आमच्या घरात अजून भीड धरणारी माणसं हायेत, कोणीतरी परत उचलंल." तेव्हा ती माझ्या कपाटात आहे, उभी ठेवलेली. ग्रामोफोन अझीझभाईंचाच, तोही इथेच. शुक्रवारी नमाज झाली की दोघं टेंपो करून येतात. मी नवा काटा बसवते, आपा खुर्ची भोंग्यासमोर ओढून घेतात, आणि दुकानात जो कोणी असेल, शिलाई मशीनवाला, रस्ता विचारायला आलेला, त्याला दटावून खाली बसवतात.

तर तूही ये. मनापासून सांगते, लवकर ये. ती चीर दर वेळी थोडी आत सरकतेय, काटा असला तरी किती दिवस निभावणार, आणि आपांचंही वय झालंय. शुक्रवारी दुपारी ये, भिसेगावात कोणालाही विचार, दुकान दाखवतील. सांदणं असतील. मड्डम गायला लागली की लोक चुळबुळतात, कोणी उठायला बघतं, तेव्हा आपा काठी आपटून म्हणतात, "बसा रं, कुठं निघालात? आता माझे बाबा येतायत." आणि ते येतात गं, चालत चालत, अगदी जवळ. ते येताना तू तिथे असावंस, एवढंच माझं म्हणणं आहे.